मागच्याले जागा

“मागे ते म्हातारं कोण आहे रे, सारखं मधे मधे? त्याला आधी काढून टाक, मग बाकीचं बघू.”

आता तुम्हाला सांगते, हे वाक्य काही माझ्यासाठी नव्हतं. सासूबाई हॉलमध्ये रोहनला म्हणत होत्या, तेही हळू आवाजात, मी ऐकू नये म्हणून. पण माझ्या सासूबाई म्हणजे मंदाकिनी मॅडम, एकतीस वर्षं शाळेत, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका, त्यांचा हळू आवाजसुद्धा प्रार्थनेच्या शेवटच्या रांगेत चुळबुळ करणाऱ्याला नेमका ऐकू जातो, आणि मी तर नुसती ड्राय बाल्कनीत होते, मशीनमधून चादर ओढत... आणि चादर ओढता ओढता मी काय केलं असेल? मान डोलावली. मनात म्हटलं, हो, काढा बाई एकदाचं त्या म्हाताऱ्याला.

कारण मला वाटलं, अल्बमचं चाललंय. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये एक म्हातारा आहे. कोणाकडचा, माहीत नाही. माझी आई म्हणते त्यांच्याकडचा, सासूबाई म्हणतात तुमच्याकडचा, आणि तो आपला प्रत्येक फोटोत मागे उभा राहून पापड खातोय. आम्ही एकमेकांना हार घालतोय, मागे पापड. मामा डोळे पुसतोय, मागे पापड. जेवणं सुरू व्हायच्या आधी याला पापड दिला कोणी, असं पप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, अल्बम बघताना अगदी शांतपणे विचारलंही होतं. तेव्हा त्याला काढणं भागच होतं, नाही का? मी चादर झटकली, चार चिमटे लावले, आणि आत जाऊन चहा टाकला.

आणि तिकडे हॉलमध्ये हेडफोन लावून माझा नवरा माझ्या बाबांना पुसत होता.

चूक कुणाचीच नाही. हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही पुढचं सगळं ऐकताना दात-ओठ खात कोणाला तरी शोधत बसाल, आणि तसं कोणी सापडणार नाही. मीही शोधलं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, जरा नीट सांग. सांगते. घरात मी फारशी बोलत नाही, ‘हो’, ‘चालेल’, ‘वाढू का’, ‘ठेवू का’, एवढंच. लग्नाला चार महिने झाले, सासूबाई लिफ्टमध्ये शेजारणीला सांगतात, “आमची पूर्वा शांत आहे हो,” आणि त्या ‘शांत’मध्ये कौतुक किती आणि काळजी किती, ते मला अजून कळलेलं नाही. तेव्हा साठलेलं सगळं तुमच्यापुढे. ऐकून घ्या.

मी गाणी करते. करायचे. लिहायची, चाल लावायची आणि घरातच रेकॉर्ड करायची. सतराव्या वर्षापासून चोविसाव्यापर्यंत, सात वर्षांत नऊ गाणी, म्हणजे वेग बघा माझा. स्टुडिओ कुठला, तर मांजरी गावातल्या आमच्या दोन खोल्यांतलं लोखंडी कपाट आणि भिंत यांच्यामधली फट. त्या फटीत मी, एक उशी, एक माइक, डोक्यावरून आईची गोधडी. गोधडीत आवाज घुमत नाही. गोधडीत माणूसही फार वेळ जगत नाही, पण कलेसाठी एवढं करावं लागतं. आणि पडद्यापलीकडे प्लास्टिकच्या खुर्चीत बाबा, पहाऱ्याला. घरात आवाज होऊ नये म्हणून. कोणी आलं तर हातानेच थांबवायला. आणि गंमत म्हणजे अख्ख्या घरात जो काही आवाज व्हायचा, तो त्या पहारेकऱ्याचाच.

बाबा खोकायचे. पोस्टात पत्रांच्या वर्गवारीला होते, तीस वर्षं गोण्या उलट्या करून टपाल ओतायचं आणि गावागावाच्या खणांत टाकायचं, त्या गोण्यांची सगळी धूळ त्यांनी जपून छातीत आणली होती. पण नुसते खोकायचे असं नाही. माझी ओळ संपली की ते मागून ‘हं...’ म्हणायचे. आता हे ‘हं’ काय प्रकरण आहे, ते सांगायलाच हवं, कारण सगळं त्या ‘हं’वर आहे.

बाबा मूळ वाशिमकडचे. तरुणपणी तिथल्या एका गायन पार्टीत होते, चौदा एप्रिलला गावोगाव जाणाऱ्या. पण पार्टीत मुख्य गायक नाही, पेटीवर नाही, ढोलकीवर नाही. मागच्या रांगेत. हल्ली कोरस म्हणतात, बाबा झील म्हणायचे. पुढचा गाणारा ओळ सोडतो, ती मागचे उचलतात, दोनदा घोळवतात, तेवढ्यात पुढचा श्वास घेतो, पाणी पितो, घाम पुसतो, आणि लोकांना वाटतं काय दम आहे या माणसाचा. तो दम मागच्यांचा असतो. त्या पार्टीची एकदा कॅसेट निघाली होती, तिच्या वेष्टनावर गायकाचं नाव मोठं, पेटीवाला, ढोलकीवाला, आणि शेवटी ‘व इतर’. बाबा ते वेष्टन आल्यागेल्याला दाखवायचे. “तो इतर म्हंजे मी,” म्हणायचे. चेष्टेत नाही, अभिमानाने.

तर असा माणूस माझ्या स्टुडिओबाहेर बसलेला. मी ओळ संपवली की त्याला राहवणार कसं? ‘हं...’ माझ्याच सुरात, हळूच, ओठ मिटून. मी गोधडी बाजूला करून ओरडायचे, “बाबा, रेकॉर्ड होतंय ते.” मग गुन्हेगारासारखं तोंड करून, “नाई नाई, मी काई नाई म्हटलं.” आणि पुढच्या ओळीला पुन्हा ‘हं’. वर मलाच शिकवणार, “एक ओळ झाली का लगेच दुसरी नको धरू वं माय. मागच्याले जागा ठेव.” मी म्हणायचे, “बाबा, मागे कोणी नाहीये. हल्ली एकटंच गातात.” “असू दे नं,” ते म्हणायचे, “जागा ठेवाले काय जातं?”

आणि तुम्हाला सांगते, मला कळायच्या आत मी ती जागा ठेवायला लागले. ओळ, मग थोडं थांबायचं, मग पुढची ओळ. मला वाटायचं, ही माझी शैली. नेटवर माझं एक पान होतं, त्यावर ‘तुमच्यावर कोणाचा प्रभाव’ असा रकाना होता, तिथे मी चार परदेशी गायकांची नावं टाकली होती. चौघांनाही मी दोन-दोनदा ऐकलं होतं, आणि एकाच्या नावाचा उच्चार मला अजूनही खात्रीने करता येत नाही. एका मुलीने तिथे लिहिलं होतं, ‘तुझ्या गाण्यातल्या शांततेत एक वेगळीच पोकळी आहे’. पोकळी कसली, बाई, खुर्ची होती तिथे.

बाबा माझ्या लग्नाच्या दोन वर्षं आधी गेले. रोहनने त्यांना पाहिलं नाही, त्यांचा आवाज ऐकला नाही, फक्त आईकडे भिंतीवरचा फोटो पाहिला. आता तुम्ही म्हणाल, आवाज हल्ली सगळ्यांच्या फोनमध्ये असतो. बाबांचा नाही. बाबा सकाळी फुलाचं चित्र आणि ‘जय भीम’ पाठवायचे, संपलं. आणि व्हिडिओ म्हणाल, तर फोटो काढताना बोलायचं नसतं हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं, त्यामुळे व्हिडिओतसुद्धा ते फोटोसारखेच उभे. आम्ही सगळे हलतोय, हसतोय, केक कापतोय, आणि बाबा श्वास धरून. पूर्ण दोन मिनिटं. त्यांचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता. माझ्या नऊ गाण्यांच्या मागे.

मग लग्न ठरलं. तिसऱ्यांदा भेटलो तेव्हा आम्ही कात्रजच्या तळ्याजवळ बाकावर बसलो होतो, रोहन म्हणाला, “तू गातेस ना, ऐकव की,” मी लाजत फोनवर एक गाणं लावलं, एक इअरफोन त्याच्या कानात, एक माझ्या. ऐकून झालं, म्हणाला, “भारी आहे. मागे कोण आहे गं?”

आता बघा. इथे मी म्हणायला हवं होतं, बाबा. दोन अक्षरं. पण ती दोन अक्षरं उच्चारली असती तर मी त्या बाकावर, फुगेवाल्यासमोर, भोकाड पसरलं असतं, आणि तिसऱ्याच भेटीत मुलगी भोकाड पसरते म्हटल्यावर माणूस विचार करतो. म्हणून मी म्हटलं, “कोणी नाही.”

तो म्हणाला, “शेजारचे असतील. नवीन बिल्डिंगांच्या भिंती पातळच असतात.”

मी म्हटलं, “हो.”

झालं. आता सांगा, चूक कुणाची? त्याने विचारलं, मी उत्तर दिलं, त्याने विश्वास ठेवला. नवऱ्याने बायकोच्या शब्दावर विश्वास ठेवावा, यात चूक कुठली काढणार?

आता वाढदिवसावर येते. माझा वाढदिवस रविवारी आला. त्याआधी महिनाभर रोहन लंच टाइमला घरून काम करताना हेडफोन लावून बसायचा आणि मधेच गोड हसायचा. ऑफिसच्या कॉलवर माणूस इतका गोड हसत नाही, मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी आपली पाय न वाजवता चहा नेऊन ठेवत होते, काम बिघडू नये म्हणून. तर रविवारी सकाळी पोह्यांच्या ताटल्या हातात, सासूबाई, पप्पा, रोहन, सगळे सोफ्यावर असे बसले जसं टीव्हीवर निकाल लागणार आहे. रोहन म्हणाला, “डोळे मीट.” मिटले. आणि स्पीकरवर माझं गाणं सुरू झालं.

माझंच. पण पासपोर्टच्या फोटोत चेहरा असतो ना, आपलाच असतो आणि कोणाचा वाटत नाही, तसं. मागे काही नाही. पंखा नाही. उसाच्या ट्रॅक्टरवरचा टेप नाही, आमच्या मांजरीत तो हंगामभर वाजतो. मी वाट बघत होते, आता पहिली ओळ संपेल, आता येईल... आणि ओळ संपली आणि लगेच दुसरी सुरू झाली. जागाच नाही. मी डोळे उघडले.

“कळलं?” रोहन म्हणाला. “नऊच्या नऊ गाण्यांतला सगळा नॉइज काढला. आणि तो काढल्यावर तुझ्या ओळींमध्ये नुसत्या गॅप राहिल्या होत्या.”

“मला वाटलं याचा हेडफोन बंद पडला,” सासूबाई म्हणाल्या. “मीच म्हटलं याला, त्या भोकांचं काहीतरी कर.”

“म्हणून गॅप पण कापल्या. हे चार मिनिटं दहाचं गाणं तीन-वीसवर आलं. किती क्रिस्प झालं बघ.”

क्रिस्प. मला तो पापड खाणारा म्हातारा आठवला, आणि तेव्हा, अगदी तेव्हा, त्या पोह्यांच्या ताटलीवर, मला कळलं की सासूबाई त्या दिवशी हॉलमध्ये कोणत्या म्हाताऱ्याबद्दल बोलत होत्या. बाबा सत्तावन्नचे होते हो. सत्तावन्न.

“आवडलं?” सासूबाईंनी विचारलं.

मी म्हटलं, “छान झालंय.” आणि पोहे खाल्ले. लिंबूही पिळलं. माणूस अशा वेळी लिंबू कसं पिळू शकतो, मला माहीत नाही, पण पिळलं.

मग संध्याकाळी, अगदी सहज विचारल्यासारखं, “रोहन, ती आधीची आहेत ना रे?”

“कुठली आधीची?”

“न काढलेली.”

“अगं, दोन-दोन व्हर्जन ठेवली की गोंधळ होतो. त्यावरच सेव्ह केलं. आणि तुझा तो जुना लॅपटॉप पूर्ण रिकामा करून एक्सचेंजमध्ये दिला, त्यातच तर नवीन माइक आला. दाखवतो थांब, सरप्राइज नंबर दोन.”

तुम्ही म्हणाल, दुसरी प्रत ठेवायची अक्कल नव्हती का? होती. माहेरी टीव्हीच्या कपाटातल्या डबीत एक पेन ड्राइव्ह होता, त्यात सगळी नऊ. मी लगेच आईला फोन केला. आई, म्हणजे शालनताई, आमच्या सोसायटीत सगळ्यांची गरज ओळखून असणारी बाई, म्हणाली, “तो होय? तो त्या व्हिडिओवाल्याला दिला नाही का, तुमच्या लग्नाचं भरून द्यायला. तो म्हणाला, आधीचं काही आहे का यात, मी म्हटलं, असेल काहीतरी पोरीचं अभ्यासाचं.” म्हणजे जिथे माझे बाबा होते, तिथे आता चार तासांचं लग्न आहे, आणि त्यात कोण आहे? पापडवाला. चार तास.

आणि नेटवरचं पान लग्न ठरल्यावर मी स्वतःच लाजून बंद केलं. आणि फोन मधे बदलला. सगळी दारं एकेक करून लोकांनी बंद केली, आणि प्रत्येकाने चांगल्याच मनाने केली. चूक कुणाचीच नाही, हाच तर सगळा त्रास आहे. राग धरायला खुंटीच नाही कुठे.

आणि रोहनला सांगायचं कसं? हा माणूस सिंकमधली मुंगी कागदावर घेऊन गॅलरीत सोडतो. त्याला मी सांगू, की तू महिनाभर जेवणाच्या सुट्टीत बसून, एकेक करून, माझ्या बाबांना... नाही सांगितलं. त्याने सासूबाईंच्या देखत मला विचारलं, “खरंच आवडलं ना?” मी म्हटलं, “हो.” माझा तो ‘हो’ फार वाईट आहे, तुम्हाला सांगते.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, “किती काम होतं तुला दाखवतोच,” आणि लॅपटॉपवर एक एक्सेल शीट उघडली. आयटीतला माणूस, प्रेमसुद्धा रकाने आखून करतो. म्हणाला, “पंखा, कुकर, ट्रॅक्टर, हे सॉफ्टवेअरच काढतं. माणूस मात्र हाताने काढावा लागतो.” एकशे बारा ओळी. वरती मथळा, ‘शेजारी, पुरुष, वय अंदाजे ७०’. मग रकाने: गाणं कितवं, मिनिट-सेकंद, प्रकार, तीव्रता, शेरा, आणि शेवटचा रकाना ‘स्टेटस’. त्यात वरपासून खालपर्यंत हिरव्या रंगात एकच शब्द. रिमूव्ह्ड. रिमूव्ह्ड. रिमूव्ह्ड.

त्या दिवसापासून मला नाद लागला. रोहन आंघोळीला गेला की, “तुझा लॅपटॉप घेते रे, ऑर्डर कुठवर आली बघायचीय,” असं म्हणायचं आणि ती शीट उघडायची. इतक्या ऑर्डरी बघितल्या की सासूबाई म्हणाल्या, “काय मागवलंयस एवढं, येतच नाही ते.”

पहिल्या गाण्याच्या तीनच ओळी. ‘खोकला, सौम्य’ दोनदा, ‘खुर्ची सरकवली’ एकदा. ते गाणं प्रेमभंगाचं होतं. सतराव्या वर्षी मला प्रेमभंग व्हायला आधी प्रेमसुद्धा झालेलं नव्हतं, अकरावीच्या वर्गात एका मुलाने माझं कंपास परत केलं नव्हतं, तेवढ्यावर तीन कडवी लिहिली. बाबांनी ऐकून विचारलं होतं, “कोन हाये तो?” मी म्हटलं, कोणी नाही. बघा, सवय जुनी आहे. खुर्ची तेव्हा सरकली असणार.

चौथ्या गाण्यात ‘पुरुष, हं’, ‘पुरुष, हं’, ‘पुरुष, हं’, आठ वेळा, आणि पुढे शेऱ्यात रोहनने लिहिलंय: ‘शेजाऱ्याला गाणं आवडत असावं’. मी त्या ओळीवर किती वेळ बोट ठेवून बसले, विचारू नका. स्क्रीनवर ठसा उमटला. हे चौथं गाणं मी त्या चार परदेशी लोकांच्या प्रभावाखाली केलं होतं, असं मी सगळ्यांना सांगत असे. आता ही शीट बघून कोणीही सांगेल, प्रभाव कोणाचा आहे ते. मिनिट-सेकंदासकट.

आणि सहाव्या गाण्यात एक ओळ आहे, दोन मिनिटं एकेचाळीस सेकंद. ‘पुरुष, गुणगुणणे. शेरा: सुरात आहे, काढायला अवघड गेलं’. आता मला सांगा, आयुष्यभर ‘व इतर’मध्ये राहिलेल्या माणसाला कोणी कधी म्हटलं होतं का, सुरात आहे म्हणून? मीसुद्धा नाही. मी तर म्हणायचे, बाबा, गप्प बसा. हा एवढा एक अभिप्राय त्यांना मिळाला, आणि तो कोणी लिहिला? त्यांना काढून टाकणाऱ्याने.

मग एक दिवस, सहज म्हणून, मी ओळी मोजल्या. पहिल्या गाण्यात तीन. दुसऱ्यात चार. मग सहा, आठ, नऊ, बारा, सोळा, वीस. नवव्यात चौतीस. आणि ‘तीव्रता’ हा रकाना वरून खाली वाचत गेलं की: सौम्य, सौम्य, सौम्य, मध्यम, सौम्य, मध्यम, मध्यम, तीव्र, मध्यम, तीव्र, तीव्र, तीव्र. अहो, हे इतकं सरळ तर कुठल्या डॉक्टरने दाखवलं नव्हतं. सात वर्षं तो खोकला वाढत होता, माझ्यापासून चार फुटांवर, माझ्याच माइकमध्ये, आणि मी हेडफोन लावून सगळं ऐकत होते आणि काय ऐकत होते? माझा आवाज.

नववं गाणं घर सोडून जाण्याबद्दल आहे. मला वाटायचं, घर सोडून जाणारी मी आहे.

त्याची शेवटची ओळ, शीटमधली एकशे बारावी. ‘तीन मिनिटं एक्कावन्न सेकंद. दाराची कडी, हळूच. शेरा: यानंतर ट्रॅक क्लीन’.

ती कडी मला माहीत आहे. त्या दिवशी चौथ्यांदा गाणं खोकल्याने बिघडत चाललं होतं, मी गाता गाताच गोधडीतून डोकं काढून, हाताने दाराकडे खूण केली. बोलले नाही, रेकॉर्ड होतं ना. नुसता हात. बाहेर. बाबा उठले, चपला हातात घेतल्या, वाजू नयेत म्हणून, आणि कडी इतकी हळू लावली की माझ्या कानाला ती कधी ऐकूच आली नाही, रोहनच्या कानाला आली. मग ते जिन्यात बसून खोकले. गाणं चांगलं झालं. शेवटचं दीड मिनिट माझ्या सगळ्या गाण्यांतलं सगळ्यात स्वच्छ दीड मिनिट आहे, त्याला रोहनला हातसुद्धा लावावा लागला नाही. सात आठवड्यांनी बाबा गेले.

चूक कुणाचीच नाही, असं मी मघापासून म्हणतेय ना... ते जरा घाईत म्हटलं.

तर आता गेला रविवार. नवीन माइक आलाय, स्टँडवर, काळी जाळी, आणि सासूबाईंनी ठरवलं, नवं गाणं आपल्या घरात व्हायला हवं. प्रेमाने ठरवलं हो. सकाळपासून घर म्हणजे परीक्षा केंद्र. पंखा बंद. फ्रिज बंद. कामवाल्या मावशींना सुट्टी. दारावर कागद: ‘आत रेकॉर्डिंग सुरू आहे. बेल दाबू नये. दार वाजवू नये. तातडीचे काम असल्यास उद्या यावे.’ पप्पांना सोफ्याच्या कोपऱ्यात बसवलं, हातात रुमाल दिला आणि सांगितलं, “शिंक आली तरी यात.” पप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, पाणी अडवायची सवय, ते मान हलवून बसले.

“गप्प,” सासूबाई म्हणाल्या, आणि स्वतःच ओठांवर बोट ठेवलं.

रोहनने अंगठा दाखवला. मी गायला लागले. पहिली ओळ झाली आणि मी थांबले. सवय. चौघांच्या त्या हॉलमध्ये एवढी शांतता होती की मला माझ्याच पापण्या ऐकू येत होत्या. कोणी ‘हं’ म्हटलं नाही. म्हणणार कोण? मी दुसरी ओळ घेतली. पुन्हा थांबले. रोहन बोट फिरवून खुणावतोय, चालू ठेव, चालू ठेव, गॅप नको. तिसरी ओळ घेतली, आणि ती संपली तेवढ्यात पप्पा खोकले.

रुमालातच. अगदी छोटंसं. पण सासूबाईंनी असं पाहिलं की पप्पा उठूनच उभे राहिले. “मी... मी खाली जाऊन बसतो,” ते कुजबुजले. “तुमचं होऊ द्या. पूर्वा, सॉरी हं बेटा.” आणि दाराजवळ जाऊन वाकून चपला उचलल्या.

“पप्पा, बसा हो, काही प्रॉब्लेम नाही,” रोहन म्हणाला. “नंतर काढू की. शीटमध्ये टाकतो फक्त.” आणि त्याने लॅपटॉप ओढला, ती शीट उघडली. “थांब, हे जुनं सगळं उडवतो आधी. काम झालंय त्याचं. रकाने तेच राहू देत.” आणि त्याने वरपासून खालपर्यंत सगळं निवडलं. तीनपासून चौतीसपर्यंत. सौम्यपासून तीव्रपर्यंत. सगळं निळं झालं, आणि त्याचं बोट त्या बटणाकडे गेलं.

आणि मी बोलले. माइक चालूच होता, म्हणजे ते रेकॉर्डही झालंय, आमच्या नव्या माइकवरचं माझं पहिलं रेकॉर्डिंग. आवाज जरा मोठाच लागला, सासूबाईंचं बोट ओठांवरच राहिलं, पप्पा चपला हातात धरून दारात थांबले. मी म्हटलं,

“ती शीट राहू द्या. एकशे बारा ओळींचेच उरलेत, पण माझे बाबा आहेत ते.”